पाटावरून फेकलेलं टूल

पेपरच्या कागदात धरून बापूसाहेबानं माहं टूल पाटावरून उचललं. हातानं नाई, कागदानं. मेलेला उंदीर उचलते ना कोणी, तसं. आन् कोपऱ्यात लोखंडाच्या किसाचा डबा होता, त्यात टाकून देल्लं.

"ही चांभाराची रापी देवीपुढं कुणी ठेवली?"

विचारलं सगळ्यायले. पाहत होता माह्याकडं.

खंडेनवमीचा दिवस होता. आदिलाबादेत कापसाच्या मार्केटमागं बापूसाहेबाचं टर्निंगचं शेड. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, आन् आमी चार कामगार. तेवा आंध्र प्रदेश होता. कचेरीतल्या पाट्या तेलुगूत, शाळा तेलुगूत, पण आमच्या शेडात मराठी चाले. बापूसाहेबाचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. एक भाऊ वकील, मेहुणा तहसिलीत. गावात वजन होतं. त्या दिवशी लेथच्या चकले, म्हणजे गज पकडणाऱ्या जबड्याले, झेंडूचा हार, मोटरीले कुंकू, आन् लाल कपडा टाकलेल्या पाटावर शेडातलं हरेक हत्यार मांडलेलं. व्हर्नियर, पाने, हातोडे आन् चौदा टूल. म्हातारा वहाबचाचा, ज्यानं मले लेथ शिकवला, त्याचं माप घ्याचं जुनं कॅलिपरही पाटावर होतं. त्याले कोणाची हरकत नव्हती.

माहं टूल पंधरावं. घासलेटानं पुसून मीच ठेवलं होतं. वर्षभर शेड त्याच्यावर चाललं, तर एक दिवस त्याच्या कपाळाले कुंकू लागावं, एवढंच मनात होतं.

फेकलं तेवा मी काय केलं? काही नाई. सव्वीस वर्षांचा बाप्या मी. आयटीआयचं सर्टिफिकेट, सहा वर्षं लेथवर उभा. आन् हात जोडून तसाच उभा राह्यलो. आरती म्हटली. बाकीच्यायच्या हातात मालकिणीनं शिऱ्याचा द्रोण देल्ला. माह्या हातावर वरून टाकला. आन् मी तो खाल्ला. खाल्ला! गोड होता, तूप होतं त्यात. बापूसाहेबाचं बोलणं मी एखाद्या वेळेस विसरीन, पण तो शिरा आजही माह्या घशातून खाली उतरत नाई.

आता ते टूल काय होतं ते सांगतो. नाईतर तुमाले वाटंन, एवढ्याशा लोखंडासाठी हा माणूस एवढा काऊन पेटला.

लेथवर गोल गज फिरते. त्याचा तुकडा कापून वेगळा कराचा तर पार्टिंगचं टूल लागते. अरुंद, उभं पातं. लेथवरचं सगळ्यात बदमाश काम हे. बाकीचे टूल धातूले वरवर सोलते. हे त्याच्या पोटात शिरते. दोनी बाजूनं भिंत, मागं वळाले जागा नाई. जराक चुकलं की फसते, मोडते, आन् कदी कदी आख्खा फिरता गज चकमधून उडून कपाळावर येते. माह्या भुवईवर जी खूण आहे ना, ती तिथलीच. म्हणून टूल निवडावं लागते. धातू कोणता, गज केवढा जाड, आपल्या लेथमधे जीव किती, हे पाहून.

बापूसाहेब निवडत नसे. विकत आणे. हैदराबादेहून कार्बाईडची, कडक पण ठिसूळ, टीप लावलेलं जाडजूड टूल घेऊन आला, आन् येईल त्याले दाखवे. आमचा लेथ जुना, चालू केला की थरथरे. कार्बाईडले थरथर सोसत नाई. मी म्हटलं, "मालक, हे आपल्या मशीनले जमणार नाई." त्यानं ऐकलं नाई. आठ दिवसांत टीपेचा टवका उडाला.

"तुम्हा लोकांच्या हाताला चांगल्या वस्तूची ओळखच नाही," म्हणाला.

उभा होतो मी एकटा. बोल लागला आमच्या साऱ्या आळीले.

मग मीच बनवलं. मोटरवर चालणाऱ्या आरीचं पातं तुटून पडलं होतं भंगारात. चांगलं पोलाद, दोन मिलिमीटर जाड. ते उचललं. हे मले सुचलं कसं? माह्या बापामुळं. बाप बसस्टँडच्या भिंतीले टेकून चपला शिवे. त्याची रापी, म्हणजे चामडं कापाची पाती, त्यानं आरीच्या तुटक्या पात्याचीच केली होती. धार पाहाची तर बोट फिरवत नसे. अंगठ्याच्या नखावर टेकवे. सरकली तर बोथट, अडली तर धार. मीही तसंच केलं. ग्राइंडरवर पातं घासलं, घडीघडी पाण्यात बुडवत, कारण पोलाद तापून निळं पडलं की मेलं. दोनी अंगं मागं अन् खाली बारीक करत नेली, म्हणजे कापताना फक्त पुढची धारच धातूले लागंन, बाजू घासणार नाई. पुढची धार जराशी तिरपी केली. मागची कड हाताले कापे, म्हणून बापाच्या पेटीतली चामड्याची पट्टी तिथं गुंडाळली.

तेच नडलं. ते चामडं.

आन् काय सांगू, ते टूल चालाले लागलं तर सारं शेड पाहत राह्यलं. जिथं जाड टूल किंचाळे, तिथं हे नुसतं सळसळे. चाचानं तुकड्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. डोळ्याचं दिसणं कमी झालं होतं त्याचं, बोटानंच पाहे. म्हणे, "आईने के सरका है रे. किससे काटा?" त्या दिवसापासून शेडात पार्टिंगचं जेवढं काम आलं, सगळं माह्या त्या पात्यावर. बापूसाहेब रोज पाहे. एक दिवसही हरकत घेतली नाई. लेथवर होतं तवर ते टूल होतं, पाटावर गेलं तर रापी झाली. आन् पाटावर ते जे बाकीचे चौदा मांडले होते ना, त्यायलेही धार मीच लावलेली होती, कारण चाचाचे डोळे गेल्यापासून ग्राइंडरवर दुसरं कोणी बसतच नव्हतं.

आरती झाल्यावर सगळे घरी गेले. मले थांबवलं. नारळाच्या शेंड्या, फुलं, पाणी, सगळं झाडून घ्याचं होतं. चाचा आपल्या स्टुलावर बसून होता, त्याचा भाचा घ्याले येणार होता संध्याकाळी. झाडताना मी किसाच्या डब्यात हात घातला. कीस कसा असते, ब्लेडसारका. तळहाताले चिरा पडल्या. टूल काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं. चाचानं पाह्यलं, म्हणजे आवाजावरून समजून घेतलं. त्याचंही मले वाईट वाटलं. सहा वर्षं माह्या पाठीवर हात ठेवणारा माणूस सकाळी चूप बसला होता.

दुपारी जिनिंग मिलची जीप आली. त्यातून राजन्ना उतरला, मिलचा फिटर. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोले. तोंडावर पाणी नव्हतं त्याच्या.

"अन्ना, पाँच बुश होना. आज के आज."

दसऱ्याच्या सकाळी मिलमधे मुहूर्ताचा कापूस चालणार होता. म्हणून आज सकाळी चालवून पाह्यलं तर रोलरचा शाफ्ट ज्यात फिरते ते पाच बुश, म्हणजे कड्या, झिजून गेलेले. भीमपूरकडच्या कापसाच्या बैलबंड्या फाटकापाशी येऊन थांबल्या होत्या. राजन्नाच्या हातात गनमेटलचा, म्हणजे पितळेसारक्या पिवळ्या धातूचा, एक गज होता, वीतभर. सणाचा दिवस, सगळी दुकानं बंद. दुसरा तुकडा साऱ्या आदिलाबादेत भेटणार नव्हता.

मी गज हातात घेतला, पट्टी लावली. पाच बुश बसत होते, पण काठोकाठ. कार्बाईडच्या जाड टूलानं कापलं तर दर कापाले सहा मिलिमीटर धातू कीस होऊन जाणार. चार कापात पाचव्या बुशाचा जीवच गेला असता. माह्या पात्यानं कापलं तर दर कापाले दोन. पाचवा बुश पुरा. दुसऱ्या कोणत्याच टूलानं ते काम होणार नव्हतं. हे मले समजलं, चाचाले समजलं. मिल म्हणजे शेडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, तेवा बापूसाहेबालेही समजावं लागलं.

तो घरातून आला, पोटावर हात फिरवत. पुरणाचं जेवण झालं होतं. राजन्नाचं ऐकलं, पाटाकडं पाह्यलं. पाटावरचं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत उचलाचं नाई, हा त्याच्या घरचा पक्का नेम. मग त्याची नजर माह्या खिशाकडं आली; रुमालातून चामड्याची पट्टी बाहेर दिसत होती.

"अरे, तुझं ते आहे ना? ते पाटावर नाही. त्यानं करून टाक."

"मशीनले हार हाय, मालक."

"हार मी काढतो. मशीन तू चालव. तुला काय दोष लागणार आहे?"

तुला काय दोष लागणार. ऐका हे. देवीचा नेम त्याले, मालकिणीले, गड्यायले, चौदा टूलायले. मले नाई. मी नेमाच्याही बाहेर. सकाळी माहं टूल बाहेर फेकलं, आन् आता ते बाहेर आहे म्हणून कामाचं.

खरं सांगतो, हातोडा समोरच होता पाटावर, आन् एक घडी माही नजर त्याच्यावर गेली. मग मी रुमाल सोडला. टूल काढलं.

"ठेवा याले पाटावर," म्हटलं. "मधात. तुमच्या हातानं कुंकू लावा."

"वेडा झालास? पाटावर ठेवलं तर कापशील कशानं?"

"नाई कापणार. बाकीचे चौदा बसले सणाले, तसं हेही बसन."

राजन्ना एकदा त्याच्याकडं पाहे, एकदा माह्याकडं. बापूसाहेबाचं तोंड लाल झालं. मी थांबलो नाई. सहा वर्षांचं साचलेलं होतं.

"त्या चौदायले धार माह्याच हातची हाय, मालक. त्यायले तुमी सकाळी कुंकू लावलं. ते कसं चाललं?"

"जिभेला फार धार आली तुझ्या. चांभार तो चांभारच. निघ इथून, उद्या येऊ नकोस."

"येतच नाई."

बस. एवढंच म्हटलं. झाडू तिथंच पडला होता, फुलं अर्धी झाडलेली. तशीच राहू देल्ली. राजन्नाले म्हटलं, "जीप चालू कर. गुडीहत्नूर जाएंगे." चाचाच्या भाच्याचं हायवेले लागून दुकान होतं, एक लेथ, ट्रॅक्टरचं काम चाले. त्याले खंडेनवमी नव्हती, ते त्या दिवशी उघडं असणार हे मले माहीत होतं.

मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. चाचा उठला. चाचपडत पाटापाशी गेला, बोटानं चाचपून आपलं कॅलिपर शोधलं, आन् उचललं. कुंकवासगट.

"चाचा! पाटावरचं उचलू नका!" बापूसाहेब ओरडला.

"मेरा है," चाचा म्हणे. "सुबैकूच उठाना था. चूक हुई मेरेसे." आन् माह्या खांद्यावर हात ठेवून जीपमधे बसला.

गुडीहत्नूरचा लेथ आमच्यापेक्षा लहान, पण स्पिंडल टाइट, थरथर नाई. गजाले बाहेरून माप देल्लं, आतून भोक पाडलं. मग टूल पाह्यलं. त्याच्या माथ्यावर मी लोखंडासाठी जराशी उतरण ठेवली होती. गनमेटलले ती चालत नाई. उतरण असली की टूल धातूत ओढल्या जाते आन् फसते. ग्राइंडरवर माथा सपाट केला. नखावर टेकवलं. अडलं. पातं होल्डरमधून जेवढं लागते तेवढंच बाहेर काढलं. हे चाचाचं शिकवणं, "जितना बाहर निकालेगा उतना नाचेगा." उंची पाहाले टूलाच्या टोकात अन् गजात स्टीलची पट्टी पकडली. पट्टी ताठ उभी राह्यली, म्हणजे टोक बरोबर मधावर.

राजन्ना तोंडात बोट घालून उभा. मले म्हणे, "टूटेगा तो खतम, अन्ना."

टूल लावलं. पिवळा कीस पिठासारका झराले लागला. पाणी नाई, तेल नाई, गनमेटल कोरडंच कापते. हात थांबू देल्ला नाई, कारण मधात थांबलं की धार घासून बसते. राग सारा तसाच होता आन् हात मात्र गार. असं माहं कदी झालं नव्हतं. आवाज बारीक झाला, आन् पयला बुश भोकात घातलेल्या सळईवर येऊन लटकला. मग दुसरा. पाचवा निघाला तेवा चकनं पकडलेला बोटाच्या पेराएवढाच गनमेटल उरला होता. चाचानं पाचही बुश कॅलिपरनं, बोटानं, एकेक करून पाह्यले. कॅलिपरवरचं कुंकू त्याच्या बोटाले लागलं, बुशाले लागलं. कोणी पुसलं नाई.

दसऱ्याले मिल चालली. आता एक सांगतो. जिनिंगचा तो रोलर असते ना, ज्याच्यातून सारा कापूस जाते, तो चामड्याचा असते. चामड्याच्या चकत्या दाबून केलेला. त्या सकाळी मुहूर्ताले बापूसाहेब मानाचा पाहुणा होता, दरसालसारका. त्याच रोलरले त्यानं हळदकुंकू लावलं, हार घातला, नमस्कार केला. मी मागं राजन्नाजवळ उभा होतो. मले हसू आलं, मोठ्यानं. त्यानं वळून पाह्यलं. राजन्नानं मॅनेजरले माह्याकडं बोट दाखवून सांगितलं, बुश कोणी कापले ते. तिथून पुढं मिलचं काम बापूसाहेबाकडं गेलं नाई. गुडीहत्नूरले आलं, माह्याकडं.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी बापूसाहेब स्वतः आला. मी चाचाच्या भाच्याच्या दुकानात लेथवर होतो. उन्हात उभा राह्यला. मीही बस म्हटलं नाई.

"झालं गेलं सोडून दे," म्हणाला. "यंदा तुझं टूल पाटावर मधोमध ठेवू. मिलचं काम घेऊन ये परत. मी शब्द देतो."

मी मशीन बंद केली. होल्डरमधून टूल काढलं. तेच पातं, तीच चामड्याची पट्टी, घामानं काळी झालेली. तळहातावर घेऊन त्याच्यापुढं धरलं.

"घ्या हातात."

त्याचा हात निघाला. अर्ध्यात थांबला. मग खिशाकडं गेला. रुमाल काढासाठी.

मी मूठ मिटली. "जा," म्हटलं.

लोक मले सांगते, माफ कर, म्हातारा झाला तो, शेड बसत चाललं त्याचं. बसू द्या. मीच बसवून राह्यलो ते. तेलाची मिल गेली, पीठगिरणीवाले गेले, ट्रॅक्टरवाले गेले, एकेक गिऱ्हाईक मी बोलावून घेतलं. चांगलं काम करून मिळवलं, खोटं बोलून नाई. त्याचा एक लेथ बंद पडला, दुसरा आठवड्यातून दोन दिवस चालते. आता माहं स्वतःचं दुकान आहे, खंडेनवमीले ते बंद राहत नाई. माहं टूल कोणत्याच पाटावर बसत नाई, माह्या घरच्याही नाई. त्या दिवशी साऱ्या तालुक्यात कोणाचं मशीन मोडलं तर माणूस माह्याकडंच येते.

एक दिवस तो शेड विकाले काढंन. मी घेईन. दुसरा कोणी घेऊ नये म्हणून आतापासून कान लावून आहे. त्याचं घर शेडाले लागून आहे, खिडकी शेडाकडंच उघडते. मी तोच थरथरता लेथ नीट करीन, तेच पातं लावीन, आन् खंडेनवमीच्या सकाळी, त्याच्या आरतीच्या टाइमले, दोनी दारं उघडी टाकून लोखंड कापाले सुरुवात करीन.